माळशेजच्या ढगासाठी फॉग लॅम्पचं वेगळं वायरिंग: प्रकल्प नोंदी

रविवार, १५ जून २०२५

ओतूरला आत्याकडे दोन दिवस राहून ठाण्याला परत आलो. यंदा पाऊस मुंबईत मे महिन्यातच दाखल झाला, त्यामुळे जूनच्या मध्यालाच माळशेज पार झाकलेला होता. दुपारी दीडच्या सुमारास घाटात ढग रस्त्यावर उतरला. गाडी बाबा चालवत होते. हेडलाइट लावला की समोर पांढरी भिंत उभी राहायची, म्हणून त्यांनी नुसते पार्किंग लाइट आणि फॉग लॅम्प लावले.

आमच्या गाडीत पार्किंग लावल्याशिवाय फॉग लागत नाही. पार्किंग लागलं की डॅशबोर्ड रात्रीसारखा मंद होतो. रात्री ते डोळ्यांना बरं असतं. ढगाच्या त्या पांढऱ्या उजेडात मात्र स्पीडोमीटरचे आकडे दिसतच नाहीत, आणि या मॉडेलला डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करायचा डिमर नाही. "स्पीड किती आहे रे?" असं बाबांनी मला तीनदा विचारलं. एका वळणावर एका टेम्पोची मागची फळी धुक्यातून एकदम समोर आली. त्याचे दिवे बंद होते. बाबांनी दहा-बारा फुटांवर गाडी थांबवली. दोघंही बराच वेळ बोललो नाही.

घाट उतरल्यावर कणसं खायला थांबलो. तिथे ऊन होतं, त्यामुळे दिवे चालू राहिलेत हे कुणालाच कळलं नाही. गप्पांत सव्वा तास गेला आणि बॅटरी बसली. हिशेब सोपा आहे: ५५ वॉटचे दोन फॉग, पुढे-मागे आणि नंबर प्लेटला मिळून ५ वॉटचे पाच बल्ब, एकूण १३५ वॉट. म्हणजे सुमारे ११ अँपिअर. सव्वा तासात १४ अँपिअर-अवर गेले. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तीही चार वर्षांची. गावातल्या दोन मुलांनी उतारावर ढकलून दिली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर चालू झाली.

तेव्हा काम असं ठरलं: फॉगला वेगळा स्विच हवा, दिवसा लावला तर डॅशबोर्ड मंद होता कामा नये, आणि चावी काढली की सगळं आपोआप बंद व्हायला हवं.

मंगळवार, १७ जून

ऑफिसातून येताना वागळे इस्टेटमधल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना भेटलो. आमच्या दोन गाड्यांची कामं त्यांनीच केली आहेत. ते म्हणाले, "पार्किंगचा पॉइंट काढून इग्निशनवर देतो. दहा मिनिटांचं काम आहे." बल्बही १०० वॉटचे टाकू का, असं विचारलं. त्याला मी लगेच नाही म्हटलं. १०० वॉटचे दोन म्हणजे १६ अँपिअरच्या वर. फॉगचा फ्यूज १५ चा आहे, वायर त्याच हिशेबाची, आणि लॅम्पची काच व प्लास्टिक ५५ वॉटच्या उष्णतेसाठी बनवलेलं. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि मला दिव्यांची ताकद बदलायचीच नाही. बदलायचं आहे ते फक्त कधी लागावेत एवढंच.

पॉइंट बदलण्याबद्दल "आधी मी स्वतः बघतो" एवढंच त्यांना सांगितलं. कारखान्यात फॉग पार्किंगला का बांधला असेल, याचं उत्तर मिळाल्याशिवाय हार्नेसला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याला, कात्री लावायची नव्हती.

रविवार, २२ जून

वर्तकनगरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळभर मोजमाप. पाऊस होता, पण आमची जागा स्टिल्टखाली आहे.

आधी मूळ सर्किट समजून घेतलं. बोनेटमधल्या फ्यूज बॉक्समध्ये फॉगचा रिले आहे, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरच्या पिनवर बॅटरीचा पॉझिटिव्ह १५ अँपिअरच्या फ्यूजमधून येतो, ८७ वरून दोन्ही लॅम्पला जातो. ८५ आणि ८६ या रिलेला खेचणाऱ्या कॉइलच्या पिना. ८५ बॉडीला, आणि ८६ ला येणारी वायर स्टिअरिंगजवळच्या दांडीवरच्या फॉगच्या रिंगमधून येते. त्या रिंगला वीज मिळते ती पार्किंगच्या लाइनमधून. सगळी अट या एका जागी आहे. लॅम्पचे ९ अँपिअर दांडीतून जातच नाहीत. तिथून जातो फक्त कॉइलचा प्रवाह. कॉइल मोजली, ८२ ओहम, म्हणजे जेमतेम दीडशे मिलिअँपिअर. माझं काम त्या दीडशे मिलिअँपिअरपुरतंच होतं. जाड वायर ओढायची गरज नव्हती.

मग इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर १४.१, डाव्या फॉगच्या कनेक्टरवर १३.२, उजव्याच्या कनेक्टरवर १२.५. दोघांत एवढा फरक का? मल्टीमीटरचं एक टोक उजव्या लॅम्पच्या अर्थच्या पिनेला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. ०.८ व्होल्ट दिसले, म्हणजे अर्थिंगमध्येच तेवढे जात होते. बंपरच्या आत अर्थचा बोल्ट आहे, तो हिरवा पडला होता. काढून पॉलिश पेपरने घासला, लगची खालची बाजू उजळ केली, पुन्हा आवळला आणि वरून ग्रीस लावलं. आता तिथे ०.१ येतात आणि लॅम्पला १३.२ मिळतात.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. १२.५ आणि १३.२ यांतला फरक ५ टक्क्यांचा वाटतो, उजेडातला मात्र १७ टक्क्यांचा होतो. आपल्याकडे चार पावसाळे काढलेल्या कुठल्याही गाडीचे अर्थचे बोल्ट आधी घासावेत. फॉग मंद वाटतो म्हणून लोक बल्ब बदलतात आणि तो बोल्ट तसाच राहतो.

शनिवार, २८ जून

दिवसा फॉग रोज लावायचे झाले तर बल्ब लवकर जातील, म्हणून एक जुनी युक्ती करून पाहिली: दोन्ही लॅम्प सिरीजमध्ये, प्रत्येकाला ६ व्होल्ट. परदेशात काही गाड्यांमध्ये हाय बीमचे दिवे असे अर्ध्या व्होल्टेजवर चालवून दिवसाचे दिवे म्हणून वापरत. बल्बचं आयुष्य प्रचंड वाढतं हे खरं आहे.

इंजिन बंद ठेवून तात्पुरत्या वायरींनी जोडलं. सरळ ओहमच्या नियमाने २.३ अँपिअर यायला हवे होते, मीटरवर ३.१ आले. फिलामेंट कमी तापते तेव्हा तिचा रोधही कमी असतो, म्हणून. म्हणजे एकूण ३७ वॉट खर्च, नेहमीच्या एक तृतीयांश. उजेड? अर्ध्याचा ३.४ घात, जेमतेम दहावा हिस्सा. लॅम्पमध्ये तांबूस निखारे दिसत होते. दहा पावलांवर उभं राहिल्यावर दिवसा ते लागलेत की नाही हे वाकून बघावं लागलं. हाय बीमच्या परावर्तकाला हे झेपतं, कारण तो उजेड एका ठिकाणी गोळा करून सरळ समोर पाठवतो. फॉग लॅम्पचा उजेड मुद्दाम रुंद पसरवून खाली टाकलेला असतो.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. फॉग लॅम्प हा डीआरएलचा, म्हणजे दिवसा गाडी दिसावी म्हणून लावलेल्या दिव्याचा, पर्याय नाही. डीआरएल समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतो. संयुक्त राष्ट्रांच्या ८७ क्रमांकाच्या नियमात त्याची तीव्रता ४०० ते १२०० कँडेला धरलेली आहे, आणि हेडलाइट लागला की तो विझतो किंवा मंद होतो. फॉगचा बीम वरून कापलेला असतो, म्हणजे डोळ्यांत जाऊच नये अशी त्याची रचना. कोरड्या उन्हात घोडबंदर रोडला फॉग लावून काही मिळणार नाही. धुक्यात मात्र तोच उजेड थेंबांवरून विखुरतो आणि लॅम्पभोवती तेज दिसतं. म्हणून रोजच्या वापराचा विचार सोडला. हा स्विच ढग आणि दाट पावसासाठी, पूर्ण व्होल्टेजवर.

रविवार, २९ जून

आज चूक झाली, आणि त्या चुकीने सगळी दिशा बदलली.

केबिनच्या फ्यूज बॉक्समध्ये पॉवर सॉकेटचा फ्यूज आहे, चावी काढली की तिथे शून्य येतं. तिथून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन देणारा जोड) ५ अँपिअरची वेगळी लाइन घेतली, एक साधा स्विच लावला आणि ती वायर थेट रिलेच्या ८६ ला टोचली. स्विच दाबला. फॉग लागले. पण डॅशबोर्डही मंद झाला, नंबर प्लेटही उजळली, चारही कोपरे लागले. पार्किंगचा स्विच तर बंद होता!

शोधायला दहा मिनिटं लागली. बाबा दांडीवरची फॉगची रिंग नेहमी चालूवरच ठेवतात. मी ८६ ला दिलेली वीज त्या बंद संपर्कातून उलटी पार्किंगच्या लाइनमध्ये शिरली होती. दीडशे मिलिअँपिअरसाठी ओढलेल्या माझ्या बारीक वायरीतून पाच बल्ब आणि अख्खा डॅशबोर्ड चालला होता. रिंग बंद केली आणि सगळं बरोबर झालं: फक्त फॉग, डॅशबोर्ड लख्ख. उपायही लगेच सुचला, दांडीकडून येणाऱ्या वायरीत एक डायोड घातला की उलटा प्रवाह थांबेल.

तसाच मागे जाऊन डिकीजवळ उभा राहिलो. पुढे भिंतीवर फॉगचा झगझगीत पट्टा पडला होता आणि मागे गाडी पूर्ण काळी होती. तेव्हा तो टेम्पो आठवला.

काकांनी दहा मिनिटांत करून दिलं असतं ते नेमकं हेच. पुढून छान दिसणारी आणि मागून न दिसणारी गाडी. ड्रायव्हरला समोर उजेड दिसतो, म्हणून त्याला वाटतं आपले दिवे लागलेत. कारखान्याने फॉगला पार्किंगची अट घातली ती मागून येणाऱ्यासाठी. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही पुढचा फॉग लागला तर मागचे दिवे आणि नंबर प्लेट लागलीच पाहिजे असं आहे. मी दोन आठवडे ज्या अटीला अडचण म्हणत होतो ती अट त्या दिवशी टेम्पोत असती तर बाबांना तसा ब्रेक मारावा लागला नसता.

सगळं काढून ठेवलं.

बुधवार, २ जुलै

रात्री कागदावर. आता प्रश्न असा: फॉगबरोबर टेल लॅम्प, म्हणजे मागचे लाल दिवे, लागलेच पाहिजेत, पण डॅशबोर्डला कळता कामा नये. दोघांची लाइन एकच.

पहिला विचार टेलच्या वायरीत डायोड घालण्याचा. पण मग रात्रीच्या नेहमीच्या वापरातही टेलला ०.७ व्होल्ट कमी मिळणार. टेलचा उजेड कमी करून धुक्यात दिसण्याची सोय करणं मला पटलं नाही.

दुसरा विचार पाच पिनांच्या रिलेचा. मागे जाणारी टेलची वायर कापायची. मागचं टोक ३० ला. पुढून, म्हणजे मूळ लाइनकडून येणारं टोक ८७-ए ला. नवीन लाइन ८७ ला. रिले आरामात असताना ३० आणि ८७-ए जोडलेले असतात, म्हणजे गाडी कारखान्यातून आली तशीच. स्विच दाबला की टेल मूळ लाइनपासून सुटून नव्या लाइनवर येतात, आणि डॅशबोर्डला पत्ता लागत नाही.

यात एक धोका आहे, त्यावर बराच वेळ गेला. रात्री हेडलाइट आणि हा स्विच दोन्ही चालू असताना माझा ५ अँपिअरचा फ्यूज उडाला तर? कॉइलला वीज दुसरीकडून मिळत असेल, तर रिले खेचलेलाच राहील, ८७ मेलेली असेल, आणि टेल विझतील. ड्रायव्हरला समजणारही नाही. म्हणून कॉइल आणि ८७ दोन्ही त्याच फ्यूजच्या, त्याच स्विचच्या पुढे जोडायच्या. फ्यूज उडाला की कॉइलही सुटते आणि टेल आपोआप मूळ लाइनवर परत येतात. बिघाड झाला तर गाडीने कारखान्याच्या वायरिंगवर परतावं, हा नियम पुढच्या प्रत्येक जोडणीला लावणार.

लोड पाहिला: टेल दोन आणि नंबर प्लेट एक, १५ वॉट, सव्वा अँपिअर. दोन कॉइलचे ०.३. पाचचा फ्यूज पुरेसा आहे.

शनिवार, ५ जुलै

जांभळी नाक्यावरून हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी), दाबून बसवायचे क्रिंपिंगचे जॉइंट, कापडी टेप. वागळेतून पाच पिनांचा ४० अँपिअरचा रिले सॉकेटसकट, वन एन ४००७ डायोड सहा, १ चौ. मि.मी. ची ऑटो वायर दहा मीटर. काकांना आकृती दाखवली. त्यांनी ती दोनदा बघितली आणि म्हणाले, "टेलचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं." मग स्वतःच्या ड्रॉवरमधून दिवा असलेला एक स्विच काढून दिला, पैसे घेतले नाहीत.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

सकाळी आठला बॅटरीचा निगेटिव्ह काढला आणि दहा मिनिटं थांबलो. ड्रायव्हरच्या दाराखालची सिल प्लेट उघडली की मागे जाणारा हार्नेस दिसतो, आणि त्याच्याजवळ पिवळ्या आवरणाची वायर असते. ती एअरबॅग आणि सीट बेल्टची. तिला मीटरचं टोकही लावायचं नाही.

टेलची वायर ओळखण्यात तास गेला. डिकीत लॅम्पच्या कनेक्टरवर हिरव्यावर लाल रेघ होती. सिलखाली तशाच दोन वायरी निघाल्या! डिकीतला कनेक्टर सोडवून लांब वायरीने कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही टोकं एकाच वायरीची आहेत का ते, पाहिली आणि मीटरच्या बीपवर खात्री केली. आमच्या गाडीत दोन्ही टेल आणि नंबर प्लेट याच एका वायरीवर आहेत. अंदाजाने कापली असती तर कदाचित ब्रेक लाइट गेला असता.

रिलेचं सॉकेट सिलमध्ये ठेवणार होतो. पण पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी तिथेच मुरतं, म्हणून वर, फ्यूज बॉक्सच्या बाजूच्या ब्रॅकेटवर बसवलं, पिना खाली करून. जॉइंट क्रिंप केले, ओढून पाहिले, वर गोंदवाली स्लीव्ह चढवली. हेअर ड्रायरने ती नीट बसत नव्हती, शेवटी शेजारच्या दादांची हीट गन आणली. दोन्ही कॉइलवर एकेक डायोड उलटा, रेघेची बाजू ८६ कडे, म्हणजे रिले सुटताना उठणारा झटका स्विचच्या संपर्कांना जाळणार नाही. फॉगच्या ८६ ला दोन वाटा: दांडीकडून एक डायोड, नव्या स्विचकडून एक. कॉइलला आता ०.७ व्होल्ट कमी मिळतात. रिले साडेसात व्होल्टलाच खेचतो, त्यामुळे फरक पडत नाही.

फ्यूज टॅप मागच्या रविवारी उलटा बसवला होता हे आज लक्षात आलं. टॅपच्या ज्या पायाला पुरवठा मिळायला हवा तो दुसऱ्या बाजूला होता, म्हणजे माझा सगळा प्रवाह सॉकेटच्याही फ्यूजमधून जात होता. फिरवून बसवला.

दुपारी तीनला आईने साबुदाण्याची खिचडी खालीच आणून दिली. चार वाजता बॅटरी जोडली. स्विच दाबला: फॉग, टेल, नंबर प्लेट. डॅशबोर्ड लख्ख. चावी काढली: सगळं बंद. मग रात्रीची परीक्षा. पार्किंग चालू, स्विच चालू, आणि माझा ५ चा फ्यूज हाताने उपटला. टिक असा आवाज आला, टेल क्षणभर लवले आणि लागलेलेच राहिले. हा फ्यूज मी आठ वेळा उपटला.

शनिवार, १२ जुलै

फॉगची उंची लावली. सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी, टाकीत अर्ध पेट्रोल, बाबा ड्रायव्हरच्या जागेवर. लॅम्पच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि उजेडाची वरची कड त्याखाली दहा सेंटिमीटरवर आणली. उजवा फॉग बराच वर होता, समोरच्याला तो नक्की त्रास देत असणार. लॅम्पमागच्या वायरींना खाली झोका दिला, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोक्यावरून ठिबकेल.

बाबांनी स्विचवर काय लिहायचं ते सांगितलं: "धुकं". माझ्या मनात "फॉग" होतं. त्यांचंच लावलं.

एक गोष्ट मनात राहिली आहे. टेलच्या चालू असलेल्या, कधी न बिघडलेल्या वायरीत मी एक सॉकेट आणि एक संपर्क वाढवला आहे. तो कधीतरी काळा पडू शकतो. म्हणून दर रविवारी पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना मागच्या भिंतीवर दोन लाल डाग दिसतात का ते बघायचं, एकदा स्विच बंद ठेवून आणि एकदा चालू करून. बाबांनी हे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं.

रविवार, २० जुलै

कल्याण, मुरबाड, टोकावडे, मोरोशी. मागे दुसऱ्या गाडीत मेव्हणे, फोनवर बहीण. घाटात सव्वादहाला ढग मिळाला, तितकाच दाट. मोजायला रस्त्याच्या कडेचे काळे-पांढरे कठड्याचे ठोकळे धरले. आम्ही वीसच्या स्पीडने, ते मागे. वेग कमी होता आणि मागे दुसरी गाडी नव्हती, तेव्हाच बाबांनी काही सेकंद स्विच बंद केला.

"दादा, गेलात," बहीण म्हणाली. "चार ठोकळ्यांच्या पुढे काही नाही."

स्विच लावला.

"आता दोन लाल ठिपके. गाडी नाही दिसत, ठिपके दिसतात. सात, आठ... नऊ ठोकळे."

पुढून आम्हाला कडेची पांढरी रेघ दोन ठोकळे जास्त दिसत होती, एवढाच फरक. मागून मात्र अंतर दुपटीहून जास्त. बाबांनी स्पीड वाचला, "बावीस," आणि पुन्हा वीसवर आणला.

कणसाच्या गाडीवर थांबलो, चावी काढली. मी उतरून मागे गेलो आणि टेल विझलेत ते बघितलं. रिलेच्या सॉकेटला हात लावला, कोरडं होतं.